‘थ’मधला ठिपका: कार्ल्याचे चैत्यगृह हेडसेटमधून शिकवताना

ब्राह्मीत नुसते वर्तुळ म्हणजे ‘ठ’. त्याच वर्तुळाच्या मधोमध ठिपका दिला की ‘थ’. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दात्यांचे लेख आहेत आणि त्यांत ‘थंभो दानं’, म्हणजे ‘खांबाचे दान’, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. दगडात हा ठिपका म्हणजे छिन्नीच्या टोकाने पाडलेला बारीक खळगा. लेण्याचे त्रिमितीय मॉडेल करून आभासी दृश्य दाखवणाऱ्या (व्हीआर) हेडसेटमध्ये घातले की सगळ्यात आधी तोच नाहीसा होतो. मुलगी ‘ठंभो’ वाचते, शिक्षक तिला चूक म्हणतात, आणि चूक असते मॉडेल करणाऱ्याची.

मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांचा बनतो ते त्रिकोण किती ठेवायचे, त्यावर चढवायचे चित्र, म्हणजे टेक्स्चर, किती मोठे, कोणता भाग ठळक आणि कोणता पुसट, हे निर्णय तांत्रिक वाटतात, पण खरे तर ते धड्याचे निर्णय आहेत. मुलांना काय वाचायला, मोजायला, ताडून पाहायला सांगायचे ते आधी ठरले तरच ते नीट घेता येतात. बहुतेक ठिकाणी उलटे होते. आधी देखणे मॉडेल तयार होते आणि मग त्यावर धडा बेतला जातो.

परिस्थिती

विदर्भातल्या तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची शाळा धरली आहे. नववीची एक तुकडी, ४० मुले. इतिहासाला दोन दिवस, रोज एक जोडतास, म्हणजे ३५ मिनिटांचे दोन तास सलग. हेडसेट चार, संगणकाला न जोडता चालणारे, क्वेस्ट २ जातीचे. खोली ६ मीटर बाय ८ मीटर. वायफाय आहे, पण कार्यालयात. वर्गापर्यंत पोचतो तो नावापुरता.

पुण्यातल्या शाळेने हा खटाटोप करू नये. लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे आणि डोंगर चढावा. हेडसेटची गरज आहे ती ज्यांना कार्ले म्हणजे एक रात्र रेल्वे आणि मुक्कामाचा खर्च, त्यांना. तसे जागेवर गेले तरी सगळे दिसतेच असे नाही. आत उजेड कमी, गर्दी जास्त, आणि खांबावरचा लेख दाखवायला चाळीस मुले एका खांबापाशी उभी राहू शकत नाहीत.

चैत्यगृहाची मापे हाताशी असू द्यावीत. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३८ मीटर, रुंदी सुमारे १४ मीटर, उंचीही साधारण तेवढीच. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, पायथ्याशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. स्तूपाच्या मागे सात खांब, साधे अष्टकोनी, ना घट ना हत्ती. दाराच्या सज्ज्याखाली आणखी चार, त्यांचीही घडण निराळी. गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या आहेत आणि स्तूपावरचे छत्रही लाकडाचे आहे. हे लाकूड मूळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे तिथेच आहे.

आधी प्रश्न

या धड्यासाठी तीनच प्रश्न निवडले. तीनही असे, की पुस्तकातल्या छायाचित्रावरून त्यांचे उत्तर देता येत नाही.

पहिला: खांब किती आणि ते कुठे बदलतात? छायाचित्रात दाराकडून पाहिले की मागचे सात खांब स्तूपाआड जातात. प्रदक्षिणापथाने फिरल्याशिवाय ते सापडत नाहीत. मुलाने ३० लिहिले तर ते मागे गेलेच नाही हे कळते. ३७ लिहिले तर गेले, आणि दाराकडचे वेगळे चारही मोजून ४१ लिहिले तर त्याने वळूनही पाहिले.

दुसरा: फासळ्या काढून टाकल्या तर छत पडेल का? अर्थातच नाही. छत डोंगरातच कोरलेले आहे, फासळ्यांवर त्याचा भार नाही. पण मान वर करून त्या एकामागून एक गेलेल्या कमानी पाहिल्यावर बहुतेकांना वाटते की याच तोलून धरतायत. ते तसे वाटायलाच हवे, कारण त्यानंतरच ‘मग बसवल्या कशाला’ हा प्रश्न जिवंत होतो. लाकडी इमारतींची सवय झालेले कारागीर दगडात कोरतानाही लाकडाचे घर मनात धरून होते, ही गोष्ट तिथे सांगावी, आधी नाही. हेडसेटमध्ये एक बटण दिले की फासळ्या अदृश्य होतात. दालन जसेच्या तसे उभे राहते. याला लागणारे काम एवढेच, की फासळ्यांचा मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, छतापासून वेगळा कापून ठेवायचा.

तिसरा प्रश्न वाचनाचा. दोन लेख निवडले. एक खांबावरचा, ‘धेनुकाकटा यवनस सिहधयानं थंभो दानं’, धेनुकाकटच्या एका यवनाने (त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी) दिलेल्या खांबाचा. दुसरा वऱ्हांड्यातला, वैजयंती नगराच्या भूतपाल श्रेष्ठीचा: ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’. जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शैलगृह आपण पुरे केले, असे शेठजी स्वतःच सांगतात. जाहिरातीची हौस जुनी आहे. ही जोडी मुद्दाम घेतली आहे: ‘सेठिना’ आणि ‘परिनिठपितं’ यांत ‘ठ’ येतो, ‘थंभो’त ‘थ’. म्हणजे त्याच धड्यात वर्तुळ आणि ठिपकेवाले वर्तुळ दोन्ही भेटतात. मुलांच्या हातात ब्राह्मीच्या बारा अक्षरांचा छापील तक्ता द्यायचा, पूर्ण वर्णमाला नाही. ‘न’ म्हणजे उलटा टी, हे एकदा कळले की मुले ‘दानं’ स्वतः शोधून काढतात.

चित्रण

मॉडेल छायाचित्रांवरून होते: सॉफ्टवेअर ती एकमेकांशी जुळवून आकार काढते. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिपाई, वेगळे दिवे, ड्रोन यांतले काहीही वापरायचे तर आधी लेखी परवानगी. आत इतका अंधार आहे की तिपाईशिवाय काम नीट होत नाही. हातात धरून आयएसओ १६०० वर काढलेल्या छायाचित्रांत जो दाणा येतो तो सॉफ्टवेअरला दगडाचा पोत वाटतो आणि गुळगुळीत खांबावर पुरळ उठते. म्हणून परवानगीचा अर्ज दोन-तीन महिने आधी करावा आणि अर्जात दिवस, माणसे, उपकरणे, वापर शैक्षणिक की व्यावसायिक, हे सगळे स्पष्ट लिहावे.

शेजारीच एकवीरा आईचे देऊळ आहे. नवरात्र, चैत्रातली यात्रा, रविवार, मंगळवार, शुक्रवार टाळावेत. मधल्या वारी, उघडताच आत शिरावे. याला गर्दीखेरीज दुसरेही कारण आहे. चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन थेट चैत्यगवाक्षातून, म्हणजे दारावरच्या मोठ्या कमानदार खिडकीतून, आत येते, सरकत जाते आणि एकाच खांबाची दहा मिनिटांच्या अंतराने काढलेली दोन छायाचित्रे जुळेनाशी होतात. सकाळचा उजेड मंद पण एकसारखा असतो.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा पुरतो. दालनासाठी २० मिलिमीटरची लेन्स, लेखांसाठी ३५. अॅपर्चर एफ ८, आयएसओ १०० ते २००, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेला आणि मग दिवसभर न हलवलेला, फाइल रॉ. लागून काढलेल्या दोन छायाचित्रांत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. जागेवर उभे राहून कॅमेरा नुसता फिरवायचा नाही. प्रत्येक छायाचित्राला पाऊल सरकले पाहिजे, नाहीतर कोणता भाग किती पुढे, किती मागे ते कळत नाही. तीन उंचींवरून, खांबांच्या आतून आणि बाहेरून, मिळून अडीच हजारांच्या आसपास छायाचित्रे होतात. दोन माणसे, दोन सकाळी.

इथे एक खोड निघते ती मात्र खास याच जातीच्या वास्तूंची. खांब एकसारखे, अंतर एकसारखे, फासळ्या एकसारख्या. सॉफ्टवेअर सातव्या खांबाला आठवा समजते आणि दालन एका खांबाने आखूड करून टाकते. मॉडेल दिसायला सुरेख, फक्त दोन्हीकडे चौदा-चौदा खांब. धड्याचा पहिला प्रश्नच खांब मोजण्याचा असल्यामुळे हा घोळ वर्गात उघडा पडतो, त्याआधी लक्षात येईलच असे नाही. उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरने ओळखण्याजोग्या खुणा छापलेली पत्रके प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवावीत, प्रत्येकावर वेगळी खूण. दगडाला काहीही चिकटवायचे नाही. काम झाले की मोजून परत घ्यायची.

मापाचेही तसेच. फोटोग्रामेट्रीला आकार कळतो, माप कळत नाही. लेझर अंतरमापकाने पाच-सहा अंतरे घ्यावीत: समोरासमोरच्या दोन खांबांमधले, दार ते स्तूप, स्तूपाचा व्यास. दोन अंतरांवरून मॉडेलला माप द्यायचे आणि उरलेली तपासायला ठेवायची. दालन दहा टक्क्यांनी लहान झाले तर पडद्यावर कुणालाच कळत नाही. हेडसेटमध्ये ते शरीराला जाणवते, पण मुलाने खरे दालन पाहिलेले नसल्यामुळे ‘हे लहान आहे’ असे ते सांगू शकत नाही. मोठेपणा दाखवण्यासाठीच केलेल्या धड्यात मोठेपणाच खोटा, आणि तक्रार करणारे कोणी नाही.

दर्शनाला आलेल्या माणसांचे चेहरे छायाचित्रांत येऊ देऊ नयेत. आले तर ती छायाचित्रे वगळावीत.

हिशेब

रिअ‍ॅलिटीकॅप्चर (आताचे नाव रिअ‍ॅलिटीस्कॅन), मेटाशेप किंवा फुकटचे मेशरूम, कशानेही मेश केला तरी तो दहा-वीस कोटी त्रिकोणांचा येतो. क्वेस्ट २ ला एका फ्रेममध्ये साडेसात ते दहा लाख त्रिकोणांच्या आत राहावे लागते. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रे (फ्रेम) दाखवताना, एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात. त्यात चित्र तयार झाले नाही तर मान वळवल्यावर दालन मागून ओढल्यासारखे येते आणि मुलाला मळमळते. वरची मर्यादा गाठायची नसते. सात लाखांच्या आत थांबावे.

वाटणी अशी केली. छत आणि भिंती १ लाख. घटाचे आणि हत्तींचे तीस खांब, प्रत्येकी ८ हजार, म्हणजे २.४ लाख. उरलेले अकरा खांब प्रत्येकी २ हजार, सगळे मिळून २२ हजार. फासळ्या १ लाख, दर्शनी भाग १ लाख, स्तूप आणि छत्र ४० हजार. दोन लेखांचे तुकडे प्रत्येकी ४० हजार. बेरीज ६.८ लाखांच्या जवळ. हत्तींवर स्वार झालेल्यांचे चेहरे यात ठळक येत नाहीत, याचे वाईट वाटते. पण त्यांच्यावर प्रश्न नाही. चेहऱ्यांवर धडा घ्यायचा असता तर लेखांचे त्रिकोण तिकडे गेले असते.

टेक्स्चरचा हिशेब जास्त बोलका आहे. पूर्ण दालनाला ४०९६ × ४०९६ ची बारा टेक्स्चर दिली तर एकूण सुमारे २० कोटी पिक्सेल होतात. त्यांतले तीस टक्के टेक्स्चरवर मांडलेल्या तुकड्यांमधल्या रिकाम्या जागेत जातात, उरतात १४ कोटी. दालनाचा, खांबांसकट, पृष्ठभाग ढोबळमानाने २५०० चौरस मीटर धरला तर दर मीटरला साधारण २३७ पिक्सेल. एक पिक्सेल ४.२ मिलिमीटरचा. ‘थ’मधला खळगा ४ मिलिमीटरचा धरा. तो अख्खा एका पिक्सेलमध्ये मावतो, आणि शेजारच्या दगडाच्या रंगात मिसळून जातो.

मूळ छायाचित्रात तो असतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने २ मीटरवरून काढले तर एक पिक्सेल ०.२२ मिलिमीटरचा येतो, म्हणजे खळग्यावर अठरा पिक्सेल. गेला तो टेक्स्चरमध्ये. म्हणून लेखाचा तुकडा वेगळा करायचा: एक मीटर रुंद पट्टी, तिला स्वतंत्र ४०९६ चे टेक्स्चर, पिक्सेल परत ०.२४ मिलिमीटरचा. सोबत मूळ दाट मेशवरून तेवढाच नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चढउतार नोंदणारे चित्र, काढून घ्यायचा. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये हे होते.

आता मेमरी. न दाबलेले एक टेक्स्चर, दुरून दाखवायच्या लहान प्रतींसकट, ८५ मेगाबाइट घेते. एएसटीसी पद्धतीने ६×६ च्या ठोकळ्यांत दाबले की तेच १० मेगाबाइटवर येते. दालनाची बारा टेक्स्चर १२० मेगाबाइटमध्ये बसतात. लेखांना मात्र ६×६ लावू नये. तो दाब बारीक डाग खातो, आणि आपल्याला तोच बारीक डाग हवा आहे. त्यांना ४×४ द्यावे, एकाला २२ मेगाबाइट. दोन लेखांची रंगाची आणि नॉर्मलची मिळून चार टेक्स्चर, ९० मेगाबाइटच्या आत. एकूण २१० मेगाबाइट. चालते.

एवढे करूनही मूल तीन मीटरवर उभे राहिले तर ठिपका दिसणार नाही. क्वेस्ट २ चा पडदा एका अंशात सुमारे २० पिक्सेल दाखवतो. एक मीटरवर एक अंश म्हणजे १७.५ मिलिमीटर, तेव्हा ४ मिलिमीटरच्या खळग्याला साडेचार पिक्सेल मिळतात. तीन मीटरवर जेमतेम दीड. म्हणून लेखासमोर उभे राहण्याची जागा ८० सेंटिमीटरवर ठेवायची आणि तिथली पायाची पातळी थोडी उचलून लेख डोळ्यांसमोर आणायचा. ही उचल खोटी आहे. तिथे जमिनीवर लाकडी फळी दाखवली की मुलांनाही कळते की आपण कशावर तरी चढलो आहोत.

जिथे कॅमेरा पोचलाच नाही तिथे काय? हत्तींच्या पाठी, छत्राची वरची बाजू, फासळ्यांच्या मागच्या फटी. सॉफ्टवेअर अशी भोके गुळगुळीत पृष्ठभागाने भरून टाकते आणि मुलांना ती खरीच वाटतात. वारशाच्या संगणकीय चित्रणात पुरावा कोणता आणि अंदाज कोणता हे बघणाऱ्याला कळले पाहिजे, हा आग्रह लंडन सनदेने धरला आहे, तिची २.१ ही आवृत्ती २००९ ची. इथे त्याचा अर्थ साधा: भरलेला भाग सपाट करडा ठेवायचा, दगडाचा पोत चढवायचा नाही. कुरूप दिसतो. दिसू द्यावा. करड्या डागाकडे बोट दाखवून ‘इथे काय असेल’ असे मुले आपणहून विचारतात.

शेवटी सगळे एका एपीके (अँड्रॉइड अॅपच्या) फाइलमध्ये बांधून चारही हेडसेटमध्ये थेट उतरवायचे. वर्गात इंटरनेट लागता कामा नये.

खोली आणि घड्याळ

उभ्याने वापरायचे तर एका मुलाला २ मीटर बाय २ मीटर जागा. चार चौकोन, दोन रांगा, मधे दोन्ही दिशांना एक मीटरची वाट: एकूण ५ बाय ५ मीटर. सहा बाय आठच्या खोलीत बाक एका भिंतीला लावले की बसते. चौकोन खडूने आखावेत. बुटक्या छताच्या खोलीत पंखे बंद करावेत, कारण फासळ्या दिसल्या की हात वर जातोच.

हालचाल सरकत्या चालीने ठेवली तर डोळ्यांना चालल्यासारखे वाटते, कानातल्या तोलाला नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी खाली बसते. त्याऐवजी सहा ठरलेल्या जागा द्याव्यात, बटण दाबले की एका जागेवरून दुसरीवर: दार, मधले दालन, डावा पथ, स्तूपामागे, खांबावरचा लेख, वऱ्हांड्यातला लेख. मधल्या दालनात दोन मीटरचा लाल-पांढरा मापनदंड उभा करावा, उत्खननात ठेवतात तसा. चौदा मीटर उंची डोळ्याने जोखायची तर जवळ ओळखीचे काहीतरी लागते.

वेळेचे गणित पहिल्यांदा असे केले जाते: प्रत्येकाला ५ मिनिटे, बदलायला, पुसायला, पट्टा बसवायला २ मिनिटे, म्हणजे ७. चाळीस मुले, चार हेडसेट, दहा फेऱ्या, ७० मिनिटे. जोडतास बरोबर ७० मिनिटांचा. बसले! आणि शिकवायला शून्य मिनिटे उरली. छत्तीस मुले सतत रिकामी, चार आंधळी कोशिंबीर खेळतायत, शिक्षक पट्टे आवळतायत.

त्याऐवजी जोड्या. एकाने हेडसेट घालायचा आणि बोलायचे, दुसऱ्याने ऐकून लिहायचे व काढायचे. पहिल्या दिवशी वीस जण घालतात: पाच फेऱ्या, ३५ मिनिटे. उरलेल्या ३५ मध्ये आधी १० मिनिटे तक्ता आणि आराखडा, नंतर २५ मिनिटे चर्चा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. लिहिणाऱ्याच्या हाती चैत्यगृहाचा रिकामा छापील आराखडा असतो, त्यावर सहा जागांचे क्रमांक. हेडसेटमधल्याला कागद दिसत नाही, लिहिणाऱ्याला दालन दिसत नाही. शब्दांवाचून गत्यंतर नाही. ‘अगं, इथे हत्तीच नाहीयेत!’ असे मागून ऐकू आले की समजावे, सातांपाशी पोचली.

ज्या सोळा जोड्यांची पाळी नाही त्यांना लेखांचे छापील ठसे आणि तक्ता द्यावा. चारही हेडसेटमधले चित्र भिंतीवर दाखवायच्या फंदात पडू नये. कच्च्या वायफायवर चार प्रवाह अडकतात, आणि भिंतीवर सगळे आयते दिसले तर लिहिणाऱ्याचे काम संपते. आवाजही बंद ठेवावा. घातलेल्याला शिक्षकाचे ऐकू आलेच पाहिजे.

काय बिघडते

सकाळी हेडसेट चालू केला आणि त्याने सुधारणा उतरवायला घेतली, हे हमखास. आदल्या दिवशी कार्यालयाच्या वायफायवर चारही चालू करून, सगळे उतरवून, अॅप एकदा उघडून पाहावे. मग झोपवू नये, पूर्ण बंद करावे. झोपलेला हेडसेट रात्रीतून बॅटरी खातो. भरलेली बॅटरी दोन-तीन तास चालते, एका जोडतासाला पुरते.

जमिनीची पातळी चुकणे जास्त फसवे आहे. आधीच्या मुलाच्या वेळी पातळी खऱ्या जमिनीच्या खाली ठरली असेल तर पुढचे मूल भलतेच उंच होते आणि चैत्यगृह बाहुलीघर. प्रत्येक फेरीला पहिला प्रश्न ठरलेला असावा: ‘मापनदंड तुझ्या डोक्याच्या वर आहे की खाली?’ खाली म्हणाले की पातळी परत ठरवायची.

अक्षरे धूसर दिसतात अशी तक्रार आली तर आधी पट्टा पाहावा, हेडसेट बहुतेक वेळा गालावर घसरलेला असतो. मग भिंगांमधले अंतर. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आहेत आणि आधीच्या मुलाचा टप्पा तसाच राहिलेला असतो. चष्मा असेल तर काढायला लावू नये, आतली फ्रेम लावून चष्म्यासकट घालावा. नाहीतर भिंगावर ओरखडे.

भिंगांवर ऊन पडू देऊ नये, काही मिनिटांत पडद्यावर डाग जळतो. खिडकीच्या कट्ट्यावर उताणा ठेवलेला हेडसेट म्हणजे गेलेला हेडसेट. भिंगे कोरड्या मऊ फडक्याने पुसायची. जंतुनाशक फक्त चेहऱ्याला टेकणाऱ्या भागाला, आणि तो भाग सिलिकॉनचा हवा. केसांना तेल असतेच, कापडी गादी ते पिते. डोळे आलेल्या मुलाला त्या दिवशी लिहिणारा करावे. साथच असेल तर हेडसेट कपाटात. फिट येण्याचा इतिहास असलेल्या मुलांची नावे पालकांकडून आधी घ्यावीत. वयाचा प्रश्न नववीला येत नाही, पण पाचवीच्या खालच्या वर्गांना हे यंत्र देऊ नये. कंपनीची स्वतःची किमान मर्यादा दहा वर्षांची आहे.

पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर किंवा पडदे ओढून अंधार केला की हेडसेटचे कॅमेरे जागा हरवतात आणि दालन तरंगते. सिनेमासारखा अंधार करायचा मोह होतो. करू नये.

शिकले का, हे कसे पाहायचे

‘मजा आली’ हे उत्तर बाजूला ठेवावे. नव्या यंत्राची मजा पहिल्या दिवशी सगळ्यांनाच येते. आदल्या आठवड्यात मुलांनी पुस्तकातल्या छायाचित्रावरून चैत्यगृहाचा उभा छेद काढलेला असावा, त्यात स्वतःएवढा माणूस उभा केलेला. दोन दिवसांनंतर तोच छेद परत काढायचा. दोन कागद शेजारी ठेवले की तीन गोष्टी दिसतात: माणूस उंचीच्या किती पट लहान झाला (खरे प्रमाण नऊला एकच्या आसपास), फासळ्या छताला चिकटल्या की छत त्यांच्यावर टेकले, आणि स्तूपामागे काही काढले की नाही.

वाचनाची परीक्षा वेगळी. लेखांच्या दोन्ही तुकड्यांना, आणि फक्त त्यांनाच, हेडसेटमध्ये एक विजेरी दिली आहे. बाकी दालनावर छायाचित्रातलाच उजेड चिकटलेला राहतो, त्यामुळे यंत्रावर भार येत नाही. विजेरी समोरून धरली तर दगड सपाट दिसतो. बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून धरली की प्रत्येक खळग्यात सावली भरते. छिन्नीने मुद्दाम पाडलेल्या ठिपक्याची कड एकसारखी दिसते आणि तो वर्तुळाच्या मध्यावर असतो. झिजून पडलेला खड्डा वेडावाकडा, कुठेही. लिहिणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक वर्तुळापुढे तीन चौकटी आहेत: ‘ठ’, ‘थ’ आणि ‘?’. तिसरीवर खूण केलेल्या जोडीला गुण कापायचे नाहीत. विजेरी कोणत्या बाजूने धरली होती ते मात्र विचारायचे.